जमीन मोजणीचे प्रकार

जमीन मोजणी म्हणजे सर्व्हे नंबर, गट किंवा प्लॉटची रेकॉर्डवरची हद्द प्रत्यक्ष जागेवर दाखवणं आणि जागेवर कोणाची वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष वापर, कुठपर्यंत आहे ते नकाशावर घेणं. महाराष्ट्रात हे काम भूमी अभिलेख विभाग करतो, तालुक्याला उपअधीक्षकांचं ऑफिस, जिल्ह्याला अधीक्षक आणि सगळ्यात वर पुण्यात जमाबंदी आयुक्त. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. सातबारावर मालकाचं नाव, क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), पीक, बोजा (जमिनीवरचं कर्ज) हे सगळं असतं पण जमिनीचा आकार नसतो. ४० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) लिहिलंय म्हणजे ते ४० आर नेमके कुठले हे सातबारा सांगतच नाही, ते सांगतो नकाशा, आणि नकाशाच्या मागे असतं टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जागेवर घेतलेल्या मापांची नोंद. ही सगळी पद्धत ब्रिटिशांच्या काळातली, १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. जुनी टिपणं शंकूसाखळीच्या मापात आहेत, साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणून तर गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. नंतर १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली बऱ्याच गावांत गट पडले, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करून नवे नंबर दिले, त्यात कित्येक ठिकाणी कागदावर अदलाबदल झाली पण शेतकरी आपापल्या जुन्या जागीच कसत राहिले, तो घोळ आज मोजणीला उभं राहिलं की बाहेर येतो.

सगळ्यात जास्त होते ती हद्द कायम मोजणी, म्हणजे रेकॉर्डप्रमाणे हद्द ठरवून देणारी. शेजाऱ्याने बांध कोरला अशी शंका आहे, कंपाऊंड घालायचंय किंवा जमीन विकत घ्यायचीय, तर हीच करायची. अर्जासोबत ताजा सातबारा लागतो आणि चारी बाजूच्या लगतदारांची नावं पत्ते लागतात, ही यादी नीट द्या, कारण एखाद्या लगतदाराला नोटीसच पोचली नाही तर तो पुढे मोजणीवर हरकत घेतो आणि त्याचं म्हणणं रास्तच असतं. पूर्वी साधी, तातडीची, अति तातडीची असे प्रकार होते, डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिलेत. द्रुतगतीला फी बरीच जास्त, पण मोजणी तीच, फक्त तारीख लवकर मिळते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक (विभागाचा मोजणी करणारा कर्मचारी) आला की लगेच तुमच्या बांधावर मोजायला लागत नाही, आधी तो आजूबाजूला जुन्या पक्क्या खुणा शोधतो, गावशीव, तीन सर्व्हे नंबरांच्या हद्दी मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, नाला. मग चौफेर वहिवाट घेतो. पूर्वी फळी मांडून साखळीने मोजायचे, आता टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किंवा रोव्हर (उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र) असतो. ती वहिवाट रेकॉर्डच्या नकाशावर बसवून बघायची आणि त्यावरून हद्दीच्या खुणा करून द्यायच्या, चुन्याची फक्की पडते, खुंट्या किंवा दगड रोवतात, हजर असलेल्यांचे जबाब आणि पंचनामा होतो. चुना, दगड, मजूर अर्जदारानेच आणायचे असतात. शेवटी मिळते ती क-प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा. ती हातात आली की नुसता आकार बघू नका, रेकॉर्डप्रमाणे हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या दाखवलेल्या असतात आणि अतिक्रमण असेल तर तसं खाली टीपेत लिहिलेलं असतं, ती टीप शब्द न् शब्द वाचा. आणि क-प्रत मिळाली म्हणून ताबा मिळत नाही, शेजाऱ्याने जागा सोडली नाही तर महसूल अधिकाऱ्याकडे किंवा दिवाणी कोर्टात जावंच लागतं, मोजणीवाला कोणाची बाभूळ काढून देत नाही.

ही मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागता येते, ती उपअधीक्षक करतात, त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना, ती जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवर.

पोटहिस्सा मोजणी वेगळी. भावाभावांत वाटणी झालीय, सातबारावर तिघांची नावं आहेत पण गट एकच आहे, तेव्हा प्रत्येकाचा तुकडा नकाशावर वेगळा करायला ही लागते. सगळ्या सहधारकांची संमती हवी, नसेल तर तहसीलदारांचा जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खालचा वाटपाचा आदेश किंवा कोर्टाचा हुकूमनामा. मोजणीनंतर आकारफोड (क्षेत्र आणि शेतसारा हिश्श्यांत वाटणं) होते आणि मग हिस्से नंबर पडून सातबारे वेगळे होतात. कोणी म्हणतं आमची वाटणी तोंडी झालीय सगळ्यांना माहितीय, पण पुढच्या पिढीला ते माहीत नसतं आणि बँकेला तर नसतंच, म्हणून सगळे भाऊ बोलत असतानाच हे काम उरकावं असं माझं ठाम मत आहे.

बांधकाम करणाऱ्यासाठी बिनशेती मोजणी आणि रेखांकनाची मोजणी महत्त्वाची, मंजूर लेआउटप्रमाणे प्लॉट, रस्ते, मोकळी जागा जमिनीवर बसतात का ते यात बघतात. क्षेत्राचा प्रश्न इथे फार टोचतो. सातबारावर ८० आर, मोजणीत भरले ७७, तर प्लॅन पास करताना साधारणपणे कमी आकडाच धरतात, म्हणजे एफएसआय (क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) तेवढा गेला, आणि जमिनीचे पैसे मात्र ८० चे मोजलेले असतात. त्यामुळे खरेदीखताच्या आधी मोजणी, आणि साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) प्रत्यक्ष मोजणीत भरेल त्या क्षेत्राप्रमाणे किंमत असं लिहून घेणं हेच बरोबर.

याशिवाय बिल्डर खासगी सर्व्हेअरकडून टोपो सर्व्हे (जागेवर जे जे आहे त्याची मोजणी) आणि कंटूर (समान उंचीच्या रेषांचा नकाशा) करून घेतात, चढउतार, झाडं, नाला, विजेचे खांब, शेजारच्या रस्त्याची लेव्हल, सगळं त्यात येतं. कोकणात किंवा मुळशी मावळच्या उतारावर हे केल्याशिवाय आर्किटेक्टने पेन्सिल उचलूच नये, कटिंग फिलिंगचा खर्च यावरूनच कळतो. पुढे पाया खणताना लाईनआऊट, म्हणजे कॉलमचे सेंटर जागेवर देणं, तेही या खासगी सर्व्हेअरचंच काम. पण खासगी नकाशा कितीही अचूक असला तरी हद्दीच्या वादात तो सरकारी क-प्रतीची जागा घेत नाही. टोपो सर्व्हे तारेच्या कुंपणापर्यंत मोजतो, आणि कुंपण हद्दीवरच आहे हे कोणी तपासलेलं असतं का? म्हणून दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघायचे, आणि तेही लाईनआऊटच्या आधी.

शहरात सातबाराऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सिटी सर्व्हे नंबर चालतो. गावठाणातल्या घरांचं तर कित्येक गावांत रेकॉर्डच नव्हतं, ते काम आता ड्रोनने चाललंय, केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली पण त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग झाला होता. इथे ड्रोन उडवण्याआधी प्रत्येकाच्या घराभोवती चुन्याची रेघ मारतात आणि फोटोत ती रेघ दिसते तीच हद्द म्हणून घेतली जाते, तेव्हा चुना मारताना घरातलं कोणीतरी जाणतं माणूस हजर पाहिजे. रस्ता, धरण, रेल्वेसाठी होते ती संयुक्त मोजणी, त्यात संपादन संस्थेची माणसं आणि भूमी अभिलेखवाले एकत्र येतात आणि किती क्षेत्र जातंय त्यासोबत झाडं, विहीर, पाईपलाईन, गोठा हेही नोंदवलं जातं. मोबदला याच नोंदीवर ठरतो, त्यामुळे बोअर किंवा पाईपलाईन राहून गेली असेल तर हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.