मर्सेन प्राइम आणि फर्मा प्राइम: एकात वजा १, एकात अधिक १

२१४७४८३६४७ आणि ६५५३७. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे कुठे ना कुठे बघितलेले असतातच, दोन्ही प्राइम आहेत (१ आणि स्वतःशिवाय कशानेही पूर्ण भाग जात नाही), दोन्ही २ च्या घाताला अगदी चिकटून आहेत, म्हणून लोक दोघांना एकाच खात्यात टाकून मोकळे होतात. पण पहिला मर्सेन प्राइम आहे, २ चा ३१ वा घात वजा १, आणि दुसरा फर्मा प्राइम, २ चा १६ वा घात अधिक १.

वजा-अधिकने एवढा काय फरक पडतो? प्रचंड पडतो. २ चा सहावा घात घ्या, ६४. ६३ ला ३ ने भाग जातो आणि ७ नेही, आणि हे ३ अन् ७ म्हणजे २ च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घातातून १ काढल्यावर उरतात तेच, कारण ६ ला २ आणि ३ ने भाग जातो. हे कुठल्याही घातांकाला लागू होतं, म्हणून मर्सेनमध्ये घातांक स्वतः प्राइम लागतोच (तेवढ्याने भागत नाही हां, ११ प्राइम असूनही २०४७ = २३ × ८९). आता ६५ बघा, त्याला ५ ने भाग जातो, आणि ५ म्हणजे २ चा दुसरा घात अधिक १. इथे घातांकाला ३ सारख्या एखाद्या विषम संख्येने भाग गेला की खेळ खलास, मग उरतात फक्त १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट होत जाणारे घातांक.

मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, की दोघांचं पुढचं नशीब या एका अटीत आहे. प्राइम घातांक संपतच नाहीत, त्यामुळे मर्सेन शोधणाऱ्यांना कायम नवा उमेदवार मिळतो, वर लुकास-लेमर चाचणीही सोपी आहे: ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, जी संख्या तपासतोय तिने भागून बाकी ठेवा, घातांकापेक्षा २ कमी इतक्या वेळा हे करून शेवटी शून्य आलं तर प्राइम (७ साठी एकदाच, १४ भागिले ७, बाकी शून्य). २०२४ मध्ये सापडलेला २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ तब्बल ४,१०,२४,३२० अंकी आहे.

फर्माचे उमेदवार मात्र दर पायरीला अंकांत जवळपास दुप्पट होतात. फर्मा या गणितज्ञाला वाटलेलं सगळेच प्राइम असतील, ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत जमलंही, पण १७३२ मध्ये ऑयलरने ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागून दाखवलं आणि तेव्हापासून आजपर्यंत सहावा सापडलेला नाही.

आणि गंमत म्हणजे रोजच्या कामाला येतो तो छोटा ६५५३७ च. बायनरीत त्यात दोनच १ आहेत, मधे पंधरा शून्यं, त्यामुळे आरएसएमध्ये (माहिती गुप्त करून पाठवायची एक पद्धत) तो घात काढायला १६ वेळा वर्ग आणि एक गुणाकार पुरतो. चार कोटी अंकी प्राइम तिथे गुप्त किल्ली म्हणून चालणारच नाही, तो सगळ्या जगाला माहीत आहे.