दोन कामं एकदम केली की वेळ वाचतो?

नाही. फोनवर बोलता बोलता ईमेल लिहिताना मेंदू दोन्ही कामं एकाच वेळी करत नाही. तो त्यांच्यात उड्या मारतो. चालता चालता बोलणं जमतं, कारण चालणं अंगवळणी पडलेलं असतं. विचार लागणारी दोन कामं मात्र एकमेकांची जागा अडवतात.

घड्याळ लावून बघा. आधी १ ते २० सलग लिहा, मग क ते न ही वीस अक्षरं. नंतर तेच आलटूनपालटून: १ क, २ ख, ३ ग... मजकूर तेवढाच, पण वेळ बराच जास्त लागतो आणि मध्येमध्ये हात अडखळतो. प्रत्येक उडीला मेंदू आधीचा क्रम बाजूला ठेवून दुसरा शोधतो, तिथेच वेळ जातो.

‘मला सवय आहे’ हा दावाही तपासला गेलाय. २०१० मध्ये वॉटसन आणि स्ट्रेयर या मानसशास्त्रज्ञांनी २०० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवताना फोनवरून स्मरणशक्तीची कामं दिली. कामगिरी न घसरलेले फक्त पाच निघाले. त्या पाचात आपण असू, हे गृहीत धरू नका.

दोन कामं एकदम करायची सवय सोडायची कशी? २५ मिनिटं एकच काम, फोन दुसऱ्या खोलीत. नुसता पालथा ठेवून भागत नाही. मध्येच उठावं लागलं तर आधी एक ओळ खरडा: कुठे थांबलो, पुढची पायरी कोणती. ही ओळ टाळली की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.