वेफर किती पिकलं?

सावद्याहून फैजपूरला जाताना रस्त्याकडेला केळीच्या वेफरची एक गाडी लागते. गाडीवरच्या मावशी सोललेलं कच्चं केळं कढईवर आडव्या धरलेल्या किसणीवर झरझर ओढतात आणि पातळ गोल चकत्या थेट तापलेल्या तेलात पडतात. माझा मामा पलीकडच्या शिवारातला केळीवाला. मागच्या खेपेला तिथं उभं राहून मी त्याला सांगत होतो, की संगणकाची चिपही अशीच चकतीतून निघते आणि त्या चकतीचं नावही वेफरच आहे.

अतिशुद्ध सिलिकॉनचा जाडजूड दंडगोल ओढून काढतात आणि तारेने त्याच्या चकत्या करतात. व्यास ३० सेंटिमीटर, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. या चकतीवर थरावर थर चढवत, कोरत, धूत तीन-चार महिने काम चालतं. शेवटी तिचे चौकोनी तुकडे कापले की एकेक तुकडा म्हणजे एकेक चिप.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चांगला माल किती निघतो मग एका चकतीतून?"

एआय चिपच्या जागतिक चढाओढीच्या बातम्यांमध्ये डॉलर असतात, नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतात. मामाचा हा प्रश्न क्वचित दिसतो. माझ्या मते मात्र सगळी स्पर्धा याच प्रश्नाभोवती फिरते. कापसाचा जसा एकरी उतारा, तसाच वेफरचा उतारा.

एआयच्या चिपला करायचं असतं एकच काम: आकड्यांच्या प्रचंड तक्त्यांचे गुणाकार आणि बेरजा, तेही हजारो ठिकाणी एकाच वेळी. म्हणून तिच्यावर छोटी छोटी गणनयंत्रं खच्चून भरावी लागतात आणि चिप मोठी होत जाते. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीची २०२२ साली आलेली एच-१०० ही चिप ८१४ चौरस मिलिमीटरची आहे, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. त्यावर ८,००० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म स्विच. याहून फार मोठी चिप एका ठशात उमटतच नाही, कारण चिपची नक्षी चकतीवर प्रकाशाने छापतात आणि ते छपाईचं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरपेक्षा मोठं चित्र पाडू शकत नाही.

आता उताऱ्याचा हिशोब बघा. मोबाईलच्या लहान चिपा एका वेफरवर सहाशेक बसतात, एच-१००सारख्या मोठ्या साठेक. समजा दोन्ही वेफरवर दहा-दहा ठिकाणी धुळीचा कण बसला. लहान चिपांच्या दहा वाया गेल्या, ५९० हाती राहिल्या. मोठ्या चिपांच्याही दहाच गेल्या, पण राहिल्या ५०. कण तेवढेच, नुकसान मात्र शेकडा दोनांवरून शेकडा सतरावर गेलं. मे महिन्याच्या वादळात सहाशे खोडांच्या बागेतली दहा आडवी झाली तर शेतकरी सावरतो. साठातली दहा गेली तर त्याचं वर्ष जातं. मामाला हे लगेच पटलं.

दुसरा हिशोब याहून कठोर आहे. वेफरवर हजाराहून अधिक पायऱ्यांचं काम होतं. प्रत्येक पायरी ९९ टक्के बिनचूक झाली असं धरा. ऐकायला छान वाटतं, पण हजार पायऱ्यांनंतर हाती जवळजवळ शून्य उरतं. ९९.९ टक्के धरलं तरी शंभरातल्या सदतीसच. ९९.९९ टक्के साधलं तर कुठे नव्वद. चिपा बनवून देणारी तैवानची टीएसएमसी ही कंपनी १९८७ सालापासून हा शेवटचा दशांश राखायला शिकते आहे. जगातल्या बहुतेक अव्वल एआय चिपा तिथंच का बनतात, याचं माझं उत्तर हेच आहे. कारखान्याची इमारत पैशाने उभी राहते, हा दशांश नाही.

छपाईचं सर्वांत प्रगत यंत्र नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकटीच कंपनी बनवते. त्यात सेकंदाला ५०,००० या वेगाने वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचे तडाखे देतात. त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवाही गिळते आणि काचही. म्हणून सगळं निर्वातात चालतं आणि भिंगांऐवजी आरसे लावावे लागतात.

हे यंत्र चीनला मिळू दिलेलं नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेने प्रगत एआय चिपा आणि त्या बनवण्याची साधनं चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. तरी २०२३मध्ये हुआवे या चिनी कंपनीच्या फोनमध्ये चिनी कारखान्यातली ७ नॅनोमीटर पिढीची, म्हणजे फार बारीक नक्षीची चिप निघाली. ती जुन्या यंत्रावर, एकच थर अनेक वेळा छापून केलेली होती. म्हणजे पायऱ्या वाढल्या, आणि पायऱ्या वाढल्या की उतारा घटतो. बंदीचा खरा घाव इथं बसतो: चिप बनते, पण महाग पडते.

खराबी टळत नाही म्हटल्यावर अभियंत्यांनी जी वाट काढली, ती मला फार आवडते. आपल्याकडे लागवडीनंतर मर झालेल्या जागी नांग्या भरतात. चिपमध्ये मागाहून काही भरता येत नाही, म्हणून जास्तीची रोपं आधीच लावून ठेवतात. एच-१००च्या तुकड्यावर गणनेचे १४४ गट कोरलेले असतात, वापरात असतात १३२. बारा बिघडले तरी चिप बाजारात जाते. सेरेब्रास ही अमेरिकी कंपनी तर अख्ख्या वेफरचीच एक चिप करते, आणि बिघडलेले भाग वगळून त्यांना वळसा घालणारे रस्ते तिच्यात आधीपासून ठेवते.

गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून वेफरचा कारखाना उभारत आहेत. तिथं २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेघांच्या चिपा होणार, एआयच्या अव्वल नव्हेत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. हात बसतो तो अशाच कामावर. जळगावच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांमध्ये आपल्या पोरी चपला बाहेर काढून, टोपी-मास्क लावून, गाळलेल्या हवेखाली केळीची इवलीशी रोपं चिमट्याने बाटलीत लावतात. एक जंतू शिरला की ती बाटली गेली, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. चिपचा कारखाना याहून कितीतरी पट कडक असतो, पण सवय याच जातीची लागते.

निघताना मामा म्हणाला, "धोलेऱ्याचं पहिलं वेफर निघालं की कळव मला. साठातले किती, तेवढंच सांग." मी फोनमध्ये तशी नोंद करून ठेवली आहे.