चौदा फ्रेमनंतरचा धप्प

सिनेमातलं चित्र हलताना का दिसतं, असं विचारलं की बहुतेक मुलं एका दमात सांगतात: डोळ्यात प्रतिमा एक सोळांश सेकंद रेंगाळते, म्हणजे दृष्टिसातत्य. प्रश्नमंजूषांत आणि स्पर्धा परीक्षांच्या गाईडांतही हेच उत्तर छापलेलं असतं. ते अर्धवट आहे. प्रतिमा नुसती रेंगाळली असती, तर एका चित्रावर दुसरं चढून सगळा गोंधळ दिसला असता. हालचाल मेंदू स्वतः रचतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दोन स्थिर रेषांबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन ठिकाणच्या त्या रेषा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतराने दाखवल्या, तेव्हा लोकांना एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसली. सरकलं तर काहीच नव्हतं.

हे समजलं की जुन्या धपाधपी कार्टूनांचं टिकून राहणंही बरंच उलगडतं. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात टॉम अँड जेरीचे ११४ लघुपट केले. त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर मिळाले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी असा रोजचा कारभार असतो. अशा घरात आजी आणि नातू या मांजर-उंदराला एकाच क्षणी हसतात. संवाद जवळपास नाहीत, हे त्याचं एक कारण झालं. माझ्या मते खरं कारण फ्रेमच्या हिशेबात आहे.

फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक स्थिर चित्र. सेकंदाला २४ फ्रेम. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम. सात मिनिटांचा लघुपट म्हणजे ६३० फूट, १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरण्याच्या पद्धतीला 'ऑन टूज' म्हणतात. या पद्धतीनेही सतत हलणाऱ्या एका पात्राची ५,०४० चित्रं लागतात. चित्रं काढण्याआधीच तक्ता तयार असतो: कोणतं चित्र कितव्या फ्रेमवर येणार आणि किती फ्रेम थांबणार. संगीतही याच मापात बांधतात. मिनिटाच्या १,४४० फ्रेम असतात. दर १२ फ्रेमला एक ठोका धरला तर लय मिनिटाला १२० ठोक्यांची, १० फ्रेमला १४४ आणि ८ फ्रेमला १८०. म्हणून तव्याचा फटका आणि झांजेचा आवाज एकाच फ्रेमवर पडतात.

आता या सगळ्या कारागिरीतला सर्वांत सुंदर भाग, अँटिसिपेशन, म्हणजे हालचालीची पूर्वसूचना. अचानक काही घडलं तर नजर तिकडे वळायला सुरुवात व्हायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. २४ फ्रेमच्या हिशेबात हे जवळपास पाच फ्रेम झाले. टेक्स अ‍ॅव्हरी हा दिग्दर्शक अनुभवातून याच आकड्यावर पोचला होता. आकाशातून ऐरण पडताना प्रेक्षकाला कळायला पाच फ्रेम पुरतात, असं तो सांगे. पण टॉम दोन-तीन फ्रेममध्ये पडद्याबाहेर पळतो. पूर्वसूचना नसेल तर प्रेक्षकाला तो नाहीसा झाल्यासारखाच वाटेल. म्हणून पळण्याआधी तो उलट दिशेला झुकतो, एक पाय उचलतो, अंग मागे खेचतो आणि गलोल ताणून धरावी तसा आठ-बारा फ्रेम थांबतो. तेवढ्यात मेंदू पुढची दिशा ठरवून टाकतो. मग टॉम गेला तरी चालतं. मागे राहिलेली धूळ आणि दोन रेषा पाहून आपण 'पळणं पाहिलं' अशी खात्री बाळगतो. प्रत्यक्षात पळण्याचं चित्र एखादंच असतं, तेही रबरासारखं लांबलेलं आणि चार-चार डोळ्यांचं. त्याला 'स्मिअर' म्हणतात. पूर्वसूचना तीन फ्रेमवर आणली तर धक्का कळत नाही. वीस फ्रेमपर्यंत ताणली तर प्रेक्षक आधीच पुढे पोचलेला असतो आणि हसू येत नाही.

पडण्याचंही तसंच. दिग्दर्शक चक जोन्सच्या 'रोड रनर' कार्टूनांतल्या कोल्ह्यासारख्या कायोटीला १९४९ पासून कड्यावरून पडायची सवय आहे. जोन्सने ठरवलेलं माप असं: खाली जाताना दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, त्यानंतर १४ फ्रेमनी खालून धप्प. तेरा किंवा पंधरा फ्रेमना हशा येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एकूण ३२ फ्रेम, म्हणजे १.३३ सेकंद. एवढ्या वेळात मोकळी पडणारी वस्तू जेमतेम पावणेनऊ मीटर खाली जाते. पडद्यावरची दरी मात्र शेकडो मीटर खोल असते. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा. हवेचा रोध सोडला तर तिथून पडणाऱ्या दगडाला सव्वातीन सेकंद, म्हणजे ७८ फ्रेम लागतील. ७८ फ्रेम थांबून कुणी हसणार नाही. जोन्सने गुरुत्वाकर्षणाकडे दुर्लक्ष करून आपल्या अपेक्षेचा वेग मोजला. ठिपका नाहीसा झाला की कान आवाजाची वाट पाहू लागतो. ती वाट पुरती तयार होते, पण कंटाळ्यात बदलत नाही, अशा जागी तो आवाज ठेवलेला आहे.

इथे एका अफवेचा समाचार घ्यायला हवा. सिनेमात लपवलेली 'पंचविसावी फ्रेम' मनावर ताबा मिळवते, असे व्हिडिओ अजून फिरतात. याचं मूळ जेम्स व्हिकरी या अमेरिकन जाहिरातवाल्याच्या १९५७ च्या दाव्यात आहे. तो दावा बनावट होता, हे त्याने स्वतःच १९६२ मध्ये कबूल केलं. शिवाय एक फ्रेम ४२ मिलिसेकंदांची असते आणि ती लपत नाही. आदळण्याच्या क्षणी कार्टूनवाले एखादीच पांढरी किंवा लाल फ्रेम टाकतात, ती डोळ्याला जाणवावी म्हणूनच.

नव्या मोठ्या टीव्हीवर ही कार्टूनं गुळगुळीत आणि विचित्र दिसत असतील, तर सेटिंग बघा. 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो', 'ऑटो मोशन प्लस' अशा नावांची सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवते. थांबलेली पोझ आणि झटक्यात निघून जाणं यांच्यामधली धार त्याने बोथट होते, स्मिअरच्या कडा फाटतात. ती सोय बंद करावी. 'एआयने ६० फ्रेम केलेली' जुनी कार्टूनं याच कारणाने बिघडलेली असतात.

फ्रेम स्वतः मोजायच्या असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चित्र थांबवून 'ई' हे बटण दाबत जावं. एका दाबाला एक फ्रेम पुढे. मोजण्याआधी फाईलचा वेग तपासावा. ३० फ्रेमच्या प्रतीत सहसा दर चार फ्रेमनंतर एक पुन्हा आलेली असते, त्यामुळे १४ च्या जागी १७-१८ भरतात. जुन्या टीव्ही प्रसारणाच्या प्रती २५ फ्रेमने पळतात. त्यांत फ्रेम तेवढ्याच राहतात, पण सात मिनिटांचा लघुपट ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो आणि संगीताची पट्टी थोडी चढते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फ्लिपबुक, म्हणजे पानं भराभर चाळली की चित्र हलताना दिसणारी वहीही करता येईल. जाडसर कागदाची २४ पानं घ्या, चेंडू कड्यावरून ढकला. पडताना दर पानावर तो आधीच्या पानावरच्या जागेपासून २, ६, १०, १४, १८ मिलिमीटर असा खाली आणा, म्हणजे १:३:५:७:९ या प्रमाणात. अंतरं सारखी ठेवली तर चेंडू पडत नाही, सावकाश उतरतो. पडण्याआधी त्याला सहा पानं हवेत थांबवा. मात्र ती सहा चित्रं झेरॉक्स करू नका. प्रत्येक वेळी हाताने गिरवा; रेषेत किंचित फरक पडला तरच थांबलेला चेंडू जिवंत वाटतो.