फिएस्टा बोल, २००७

फिएस्टा बोल, २००७ : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील एक गाजलेला सामना. १ जानेवारी २००७ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे तो खेळला गेला. बॉयसी स्टेट विद्यापीठाने जादा वेळेत ओक्लाहोमा विद्यापीठाचा ४३–४२ असा एका गुणाने पराभव केला. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. पायाचा संबंध त्यात अधूनमधूनच येतो.

हंगाम संपल्यावर निवडक विद्यापीठांना निमंत्रण देऊन जे मानाचे सामने होतात, त्यांना ‘बोल’ म्हणतात. कॅलिफोर्नियातील रोझ बोल हा त्यांतला सर्वांत जुना. फिएस्टा बोल १९७१ पासूनचा. २००७ च्या सुमारास या सामन्यांची मांडणी मोठ्या सहा संघगटांना सोयीची होती. आयडाहो राज्यातले बॉयसी स्टेट त्या गटांबाहेरचे. १९३२ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था सर्वोच्च श्रेणीत आली ती १९९६ मध्ये. तोवर तिची ख्याती मुख्यतः मैदानावरच्या निळ्या कृत्रिम गवताची. उलट ओक्लाहोमाच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे होती. बॉयसी स्टेटने हंगामातले बाराही सामने जिंकले होते, तरी जाणकारांचे पारडे ओक्लाहोमाकडेच झुकलेले होते.

या सामन्याची आठवण निघाली की लोक बॉयसीने शेवटी दिलेल्या तीन हुलकावण्यांबद्दल बोलतात. त्या गडबडीत एक गोष्ट निसटते: बॉयसी स्टेटला त्यांची गरज पडायलाच नको होती. ख्रिस पीटरसन या प्रशिक्षकाचे हे पहिलेच वर्ष, पण संघाने सरळ, नेटका खेळ करून तिसऱ्या सत्रात २८–१० अशी आघाडी घेतली होती. ती हळूहळू वितळली. वेळ संपायला १ मिनिट २६ सेकंद उरली असताना ओक्लाहोमाने टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण घेतले; बरोबरीसाठी लागणाऱ्या जादा दोन गुणांची चाल दंडांमुळे पुन्हा पुन्हा खेळावी लागली आणि तिसऱ्या खेपेला साधली. पुढच्याच चालीत बॉयसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून पास देणारा खेळाडू, जॅरेड झॅब्रान्स्की याचा पास मार्कस वॉकरने मध्येच पकडला आणि ३३ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. २८–३५. ओक्लाहोमाची सामन्यातली ही पहिलीच आघाडी.

शेवटच्या १८ सेकंदांत बॉयसीकडे चौथी, म्हणजे अखेरची संधी होती आणि चेंडू आपल्याकडे राखायला पार करायचे होते किमान १८ यार्ड. झॅब्रान्स्कीने ड्रिसन जेम्सला सुमारे १५ यार्डांवर पास दिला. बचावपटू जेम्सवर धावून आले, आणि त्याने शेजारून उलट्या दिशेने पळणाऱ्या जेरार्ड रॅबकडे चेंडू सोपवला. रॅब उरलेले ३५ यार्ड धावला. सात सेकंद बाकी असताना बरोबरी झाली. सर्वांचे डोळे एका खेळाडूवर खिळवायचे आणि चेंडू दुसऱ्याकडे द्यायचा, ही एकच युक्ती तिन्ही चालींच्या मुळाशी आहे.

जादा वेळेत दोन्ही संघांना २५ यार्डांवरून एकेक डाव मिळतो. गळपट्टीचे हाड मोडल्यामुळे ऑक्टोबरपासून बाहेर असलेला ॲड्रियन पीटरसन याच सामन्यात ओक्लाहोमाकडून परतला होता. त्याने पहिल्याच चालीत थेट टचडाउन केला. बॉयसीची गाडी पुन्हा चौथ्या संधीवर अडली. या वेळी चेंडू क्वार्टरबॅकऐवजी थेट व्हिनी पेरेटाकडे गेला. तो धावणार असे वाटत असताना त्याने डेरेक शाउमनला पास दिला. ४१–४२.

आता किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी होऊन खेळ पुढे चालला असता. प्रशिक्षक ख्रिस पीटरसनने दोन गुणांसाठी चाल लावली. हा निर्णय धाडसी म्हणून गाजला, पण त्यात हिशेबही होता. समोरचा संघ ताकदवान आणि धावता. खेळ लांबला असता तर पारडे त्याच्याच बाजूने झुकले असते. निवडलेली चाल होती ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’, शंभरेक वर्षांची जुनी. झॅब्रान्स्कीने उजवा हात उंचावून उजवीकडे पास फेकल्याचा आव आणला. चेंडू मात्र डाव्या हातात, पाठीमागे होता. तो इयन जॉन्सनने उचलला आणि डावीकडून धावत गेला. त्याला कोणी शिवलेही नाही. स्वतः क्रोशाने टोप्या विणणारा हा गडी सामन्यानंतर थेट प्रक्षेपणातच गुडघ्यावर बसला आणि चिअरलीडर असलेल्या मैत्रिणीला त्याने लग्नाची मागणी घातली. ती ‘हो’ म्हणाली.

त्या हंगामात सर्वोच्च श्रेणीत अपराजित राहिलेला संघ एकच, १३–० असा बॉयसी स्टेट. विजेतेपद मात्र आठवडाभराने त्याच स्टेडियममध्ये ओहायो स्टेटला ४१–१४ ने हरवणाऱ्या फ्लोरिडाला मिळाले, एक पराभव पदरी असूनही. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत बॉयसी पाचव्या स्थानी राहिले. अंतिम लढतीचे दोन संघ मतदान आणि संगणकीय गणितावरून ठरवणाऱ्या त्या पद्धतीविरुद्ध बोलताना पुढे अनेकांनी हाच दाखला दिला.

३१ डिसेंबर २०१४ रोजी ॲरिझोना विद्यापीठाविरुद्धच्या फिएस्टा बोलमध्ये बॉयसीने तीच जुनी चाल पुन्हा वापरली, टचडाउन मिळवला आणि सामना ३८–३० असा जिंकला. २०२४ मध्ये बाद फेरीत बारा संघांना जागा झाली, तेव्हा बॉयसी स्टेटला विजेतेपदाच्या स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळाला. उपांत्यपूर्व सामना ग्लेनडेललाच, फिएस्टा बोल म्हणून झाला. पेन स्टेटने तो ३१–१४ असा जिंकला.