पारा 32, अंगाला 40

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी नागपूरहून बदली होऊन एक कुटुंब आलं. सामानाच्या ट्रकमधून सगळ्यात आधी उतरला तो कूलर. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. रत्नागिरीत हा चालायचा नाही, असं आमच्या आईनं तिथल्या तिथे सांगितलं. काकांना काही ते पटलं नाही. "45 काढलंय आम्ही वहिनी, तुमचं 32 म्हणजे आमचा हिवाळाच की!" एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलर खिडकीला लागला, टाकी भरली, आणि तासाभरात उशा, वर्तमानपत्रं, पापडाचा डबा सगळं सर्द झालं. काका बनियन पिळत अंगणात आले.

काकांचं गणित कुठे चुकलं ते बघायला दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओल्या कापडाची चिंधी गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा आणि दोन्ही वाऱ्यावर धरायचे. चिंधीतलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओल्या फुग्याचा पारा खाली येतो. किती खाली येईल, ते हवा आधीच किती ओली आहे यावर ठरतं. नागपुरात मे महिन्यात 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला फुगा 23 अंशांच्या आसपास उतरतो. रत्नागिरीत 32 अंश आणि 70 टक्के असेल, तर तो साडेसत्तावीसच्या खाली जायला तयार नसतो. कूलरच्या ओल्या ताट्या म्हणजे हीच चिंधी. त्यामुळे कूलर नागपूरच्या भट्टीतून जेवढी गार हवा काढतो, तेवढी आमच्या 'हिवाळ्या'तून निघत नाही. वर खोलीत ओल भरते ती वेगळीच.

आपलं अंग हीदेखील एक ओली चिंधीच. नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्या शरीरात साधारण 100 वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार होत असते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर तो सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे बसल्या माणसाला तासाला दीडशे मिलिलिटर घाम खरं तर पुरावा. अट एकच, तो सुकला पाहिजे. कपाळावरून ओघळून हनुवटीवरून टपकलेला घाम फुकट गेला. कोकणात घामाच्या धारा लागतात त्या घाम जास्त येतो एवढ्यामुळे नाही, तो उडत नाही म्हणूनही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या उष्मा निर्देशांकात 32 अंश तापमान 30 टक्के आर्द्रतेला अंगाला 31 अंशांसारखं लागतं, 70 टक्क्यांना 40 सारखं. आपल्या हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांना पोचल्यावर सुरू होतो, किनाऱ्यावर 37 लाच.

भाषेनं हा फरक कधीच ओळखलाय. देशावर 'ऊन' लागतं, आमच्याकडे 'उकडतं'. आणि उकडायला लागलं की कोकणी माणूस पारा विचारत नाही, "वारा पडलाय" म्हणतो. त्वचेला चिकटलेला दमट हवेचा थर ढकलून बाजूला करायचं काम वारा करतो, तेव्हा कुठे घाम सुकतो. सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि मतलई वारे उलट वाहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोरात असले आणि खारे वारे उशिरा आले, की मुंबईचा पारा एकदम उसळतो, तोही याच हिशेबाने.

आता या सगळ्यात शहर कुठे येतं? शहरं रात्री जास्त गरम असतात, हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी निरीक्षकानं लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता पितात आणि रात्री सोडतात. उंच भिंतींच्या मधल्या बोळाला आकाश थोडंच दिसतं, म्हणून ती उष्णता वर निसटत नाही. एसीचे डबे घरातली उष्णता गल्लीत ओततात. इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला जास्त विचार करायला लावला तो 2014 साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासानं. उत्तर अमेरिकेतल्या 65 शहरांच्या जमिनीचं तापमान उपग्रहांवरून पाहिलं, तर दिवसाची उष्णता ओल्या हवामानाच्या शहरांत जास्त साचलेली दिसली. आपण म्हणू, झाडं गेली, बाष्पीभवन थांबलं. तेही आहेच, पण मोठं कारण निघालं खडबडीतपणा. दाट झाडीचा माथा उंचसखल असतो. तो वाऱ्याला घुसळतो आणि जमिनीजवळची उष्णता वर फेकतो. ती झाडी काढून शहर वसवलं की हे घुसळणं मंदावतं. ओल्या प्रदेशात रान दाट, म्हणून नुकसानही मोठं.

हे वाचताना डोळ्यांसमोर आलं ते कोकणच. आंबा, फणस, माड, पोफळी, मध्ये कौलारू घर, पुढे पडवी, अंगणात झापांचा मांडव. ते काढून तिथे काय येतं? चार मजली इमारत, पेवर ब्लॉक, मागे पत्र्याची शेड. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्यावरचे जुने वड-आंबे गेले, त्याबरोबर वाटसरूची सावलीही गेली.

सावलीतही फरक असतो, हे एसटीची वाट बघताना कळतं. आंब्याखाली उभे राहा, मग चार पावलं टाकून पत्र्याच्या निवाऱ्यात जा. हवा तीच आहे, ऊन दोन्हीकडे नाही, तरी पत्र्याखाली टाळू तापते. तापलेला पत्रा डोक्यावर सतत उष्णतेची किरणं सोडत असतो. पान पाणी सोडत राहतं, त्यामुळे ते हवेपेक्षा फारसं तापत नाही. वेधशाळेचा तापमापक यातलं काहीच टिपत नाही. तो थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्यानं सुचवलेल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत बसलेला असतो. अंगाला काय लागतं ते मोजायचं तर तांब्याचा पोकळ, काळा रंगवलेला, 15 सेंटिमीटरचा गोळा उन्हात टांगतात आणि त्याच्या आत तापमापक ठेवतात. अमेरिकी लष्करानं 1950 च्या दशकात प्रशिक्षण छावण्यांसाठी हिशेब बसवला: ओल्या फुग्याला 70 टक्के वजन, काळ्या गोळ्याला 20, साध्या पाऱ्याला फक्त 10. बातम्यांत रोज सांगतात तो हा दहा टक्केवाला.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर लाखो माणसं भर उन्हात बसली होती. पारा 38 अंशांच्या आसपास होता. विदर्भात या आकड्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. त्या दिवसाच्या उष्माघातानं 14 जण गेले.

किनारी शहरानं काय करावं, याचं एक उत्तर हाँगकाँगनं शोधलंय. समुद्राकाठी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या टॉवरांनी मागच्या वस्तीचा वारा अडवला, तेव्हा 2006 पासून तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांआधी वारा कुठून येईल आणि कुठे अडेल ते तपासायला सुरुवात झाली. आमच्याकडे इमारतीच्या नकाशात पार्किंग बघतात, पाण्याची टाकी बघतात. 'सी व्ह्यू' तर जाहिरातीतच असतो. मागच्या घराचा वारा कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. झाडं लावा हे ठीकच आहे, पण आमच्या दमट हवेत झाडानं सोडलेल्या बाष्पापेक्षा त्याची सावली जास्त कामाची. आणि झाडं भिंतीसारखी गच्च लावली तर तीही वारा अडवतात.

काकांनी यंदा कूलरच्या ताट्या काढून टाकल्या. टाकीत आता आईनं दिलेली अळवाची रोपं आहेत. पंखा तेवढा सोडवून पडवीत, पश्चिमेकडे तोंड करून बसवलाय. खारा वारा सुरू झाला की तो बंद करतात.