स्वस्तातला खेळाडू स्वस्त का आहे? ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फँटसीमागचं गणित

ऑस्ट्रेलियात मार्च आला की लाखो लोक आपापली फँटसी टीम लावायला बसतात, क्रिकेटची नाही, तिथल्या फुटबॉलची म्हणजे एएफएलची. अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ खेळाडू, हातात धरता येतो असा लांबट बॉल. आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटमध्ये प्रत्येक मॅचला नवी टीम करायची असते, इथे तसं नाही. एकदा ३० जणांची टीम घेतली की तीच सीझनभर चालवायची, आठवड्याला मोजकेच बदल करता येतात, आणि मुख्य म्हणजे खेळाडूंच्या किमती दर आठवड्याला वरखाली होतात. त्यामुळे स्वस्तातला चांगला खेळाडू शोधणं हाच या खेळाचा जीव आहे, आणि त्यामागे जे स्टॅटिस्टिक्स आहे ते मला मनापासून आवडतं म्हणून हा लेख.

आधी पॉइंट कसे मिळतात ते बघू. किकला ३, हाताने दिलेल्या पासला म्हणजे हँडबॉलला २, मार्कला म्हणजे १५ मीटर तरी लांबून आलेली किक हवेत पकडली तर ३, टॅकलला ४, गोलला ६, आणि उंच रकमन बॉल उडाल्यावर हाताने टोलवतो त्या हिटआउटला १. नियम मोडून समोरच्याला फ्री किक दिली तर ३ पॉइंट कापले जातात. नीट बघा, यात बॉल किती भारी मारला याला काहीच किंमत नाही, किती वेळा हातात आला याला आहे. मागे उभा असलेला डिफेंडर शांतपणे मार्क घेतो आणि बाजूच्याला किक मारतो, झाले ६ पॉइंट, तिकडचे लोक याला ‘प्लस सिक्स’च म्हणतात. म्हणजे खेळाडूचे पॉइंट त्याच्या टॅलेंटइतकेच, कधी कधी त्याहून जास्त, टीमने त्याला कुठे उभं केलंय यावर ठरतात.

आता किंमत. सीझनच्या सुरुवातीची किंमत साधारणपणे गेल्या वर्षीच्या सरासरीला एका ठराविक आकड्याने गुणून काढतात. समजा तो आकडा १० हजार डॉलर आहे, तर १०० सरासरीचा खेळाडू १० लाखांना आणि ६० वाला ६ लाखांना. दुखापतीमुळे फारच कमी मॅच खेळलेल्याला थोडी सूट मिळते. बस. सरासरी ६० का झाली हे त्या सूत्राला माहीतच नसतं. पाय दुखत होता म्हणून, जागा चुकीची होती म्हणून, वय झालं म्हणून की तेवढाच वकूब आहे म्हणून, सगळ्यांना एकच भाव! आपल्याला शोधायचंय ते हे की कोणाचं कारण यंदा निघून गेलंय.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रोडी ग्रंडी. हा आधी कॉलिंगवूड क्लबचा रकमन, २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या टीममध्ये निवडलेला, म्हणजे क्लासबद्दल प्रश्नच नाही. २०२२ चा बराचसा सीझन दुखापतीत गेला आणि २०२३ ला तो मेलबर्नकडे गेला, जिथे मॅक्स गॉन आधीपासून होता, तोही देशातल्या सर्वोत्तम रकमनपैकी एक. आता सेंटरच्या म्हणजे मैदानाच्या मधल्या चौकात खेळ सुरू होताना प्रत्येक टीमचे चारच जण असतात आणि त्यात रकमन एकच, तर दोघांनी ते काम वाटून घ्यायचं म्हणजे हिटआउट वाटले गेले, बॉलजवळ असण्याचा वेळ वाटला गेला, ग्रंडीची सरासरी पडली आणि सीझनच्या शेवटाकडे त्याला मुख्य टीममधूनही वगळलं. २०२४ ला तो सिडनीकडे गेला, तिथे मुख्य रकमन तोच. फँटसीत मात्र त्याची किंमत अजून त्या वाटून खाल्लेल्या वर्षाची होती! माणूस तोच, फक्त कारण गेलं, आणि पॉइंट परत वर आले. असा खेळाडू दिसला की डोळे झाकून घ्यावा असं मला वाटतं, कारण इथे आपण नशिबावर पैसे लावत नाही, समजलेल्या कारणावर लावतोय.

नशिबाचं प्रकरण वेगळं आणि तिथेच बहुतेक लोक फसतात. समजा गेली दोन वर्षं ७० च्या सरासरीने खेळणाऱ्या एकाने पहिल्या तीन मॅचमध्ये ११० ची सरासरी मारली. सगळे धावतात त्याच्या मागे. पण तीन मॅच म्हणजे काहीच नाही, एखादी मॅच सोप्या टीमविरुद्ध, एखाद्यात बॉल सारखा त्याच्याकडेच आला, असं होतंच. इथे ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन अमेरिकन स्टॅटिस्टिशियननी १९७० च्या दशकात केलेलं काम आठवतं. त्यांनी बेसबॉलचे १८ खेळाडू घेतले, १९७० च्या सीझनमधल्या प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या सीझनचा अंदाज बांधायचा होता. प्रत्येकाची सुरुवातीची सरासरी जशीच्या तशी धरण्यापेक्षा सगळ्यांच्या एकत्र सरासरीकडे थोडी ओढून घेतली तर एकूण चूक खूपच कमी होते असं त्यांनी दाखवलं. रॉबर्टो क्लेमेंटे पहिल्या ४५ संधींत ०.४०० वर होता (म्हणजे ४५ पैकी १८ संधी जमल्या), उरलेल्या सीझनमध्ये ०.३४६, आणि हा त्या काळातला एक महान बॅट्समन बरं का. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत जे पाहिलं होतं, की टोकाचं माप पुढच्या वेळी मधल्याकडे सरकतं, तेच हे.

मग आपल्या त्या खेळाडूचं काय करायचं? जुन्या माहितीला दहा मॅचचं वजन देऊ (हा आकडा अंदाजाचा, पण कामाचा). १० गुणिले ७० आणि ३ गुणिले ११०, मिळून १०३०, भागिले १३, उत्तर साधारण ७९. म्हणजे त्याला ११० चा समजून घेऊ नका, ७९ चा समजून घ्या. पण त्याच तीन मॅचमध्ये तो आधीपेक्षा दुप्पट वेळा सेंटरच्या चौकात दिसला असेल तर गोष्ट बदलली, कारण जुने ७० चे आकडे वेगळ्याच कामाचे होते. म्हणून अनुभवी लोक स्कोअर नंतर बघतात, आधी खेळ सुरू होताना सेंटरच्या चौकात किती वेळा उभा होता ते बघतात. पॉइंटमध्ये नशिबाचा गोंधळ खूप, पण कोचने त्याला कुठे उभं केलं यात तो बराच कमी.

कोणी म्हणेल मग सरळ दर डॉलरला सगळ्यात जास्त पॉइंट देणारे ३० जण घ्यावेत. नाही चालत. गणितात याला नॅपसॅक प्रॉब्लेम म्हणतात, ठराविक वजन पेलणाऱ्या पोत्यात जास्तीत जास्त किमतीचा माल कसा भरायचा. पण इथे पैशासोबत जागाही मोजक्या, ३० पैकी २२ जणांचेच पॉइंट धरले जातात, त्यामुळे सगळे स्वस्त भरले तर पैसे उरतात आणि जागा संपतात. म्हणूनच अगदी महागडे आणि अगदी स्वस्त नवखे अशी दोन टोकांची टीम लोक करतात, आणि मधल्या किमतीचा खेळाडू फक्त ग्रंडीसारखं पक्कं कारण असेल तरच.

नवखे कसे निवडायचे? त्यांची किंमत ड्राफ्टमधल्या म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातल्या नंबरावरून ठरते, त्यामुळे १८ वर्षांचा पहिल्या नंबरचा पोरगा बराच महाग आणि कोणाच्या नजरेत न आलेला २२ वर्षांचा तयार अंगाचा खेळाडू तळाच्या भावात. मायकेल बार्लो असाच. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, वेरिबी क्लबकडून खालच्या लीगमध्ये खेळला, एएफएलमधल्या फ्रीमँटलने २०१० साठी रूकी लिस्टवर म्हणजे नवख्यांच्या जादा यादीत घेतला आणि आल्या आल्या तो अनुभवी मिडफील्डरसारखे आकडे काढायला लागला. सूत्राला ड्राफ्टचा नंबर कळतो, तो मोठ्या माणसांमध्ये किती मार खाऊन तयार झालाय हे कळत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पाय मोडून त्याचा सीझन संपला, पण तोवर ज्यांच्याकडे होता त्यांचं काम झालं होतं.

काम म्हणजे नुसते पॉइंट नव्हेत, भाव. समजा नवख्याची किंमत २० सरासरीइतकी आहे आणि त्याने ८० आणि ७० मारले. भाव शेवटच्या तीन मॅचवर ठरत असेल तर सरासरी २० वरच राहायला तिसऱ्या मॅचमध्ये उणे ९० लागतील. या आकड्याला ब्रेकईव्हन म्हणतात. म्हणजे तो शून्यावर राहिला तरी भाव वाढणारच! फक्त त्याच्या खऱ्या क्लबच्या टीममध्ये त्याची जागा पक्की हवी, कारण मॅच न खेळलेल्याचा भाव हलत नाही. पुढे भाव वाढत जातो तसा ब्रेकईव्हनही वर सरकतो, आणि ज्या आठवड्यात तो ६५ च्या आसपास येतो आणि पोरगाही साधारण ६५ च काढतोय, त्या आठवड्यात त्याला विकून ते पैसे एखाद्या १०० वाल्यासाठी वापरायचे.